लहान ट्रॅक्टर पिकअपमधून नेताना

गेल्या दोन आठवड्यांत आपण गुडघेदुखी आणि तिच्यावरचे घरगुती व्यायाम यांची माहिती घेतली. आजचा विषय वाचून काही वाचकांना वाटेल, की ट्रॅक्टरचा आणि आरोग्याच्या सदराचा काय संबंध? संबंध आहे. मी हाडांचा डॉक्टर. द्राक्षपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी माझा दवाखाना. ऑक्टोबर छाटणी झाली, की पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे एका ठरावीक प्रकारच्या जखमा येऊ लागतात. कुणाचे खुब्याचे हाड मोडलेले, कुणाची मांडी, कुणाच्या हाताची दोन बोटे साखळीत चेमटलेली. विचारले तर उत्तर एकच. "ट्रॅक्टर पिकअपमध्ये चढवत होतो."

ज्यांचा बागेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. छाटणीनंतर कोवळी फूट आली, की डाऊनीच्या भीतीने फवारण्या लागोपाठ कराव्या लागतात. पाऊस पडला तर रात्री उठूनही कराव्या लागतात. बागेच्या दोन ओळींत आणि मांडवाखाली शिरेल असा लहान ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे ब्लोअर, हे आता निफाड, दिंडोरीपासून तासगावपर्यंत सगळीकडे दिसते. पण एकाच्याच दोन बागा दोन गावांना असतात, किंवा ट्रॅक्टर भाड्याने द्यायचा असतो. लहान ट्रॅक्टर रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर चालवत न्यायचा म्हणजे वेळ जातो, टायर झिजतात. म्हणून तो पिकअपच्या हौद्यात चढवून नेतात. ही पद्धत वाईट नाही. रात्री अंधारात हमरस्त्याने हळू चालणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर नेण्यापेक्षा ती बरीच. धोका आहे तो जमिनीपासून हौद्यापर्यंतच्या तीन फुटांत.

या अपघातांचे मूळ मला 'लहान' या शब्दात दिसते. लहान म्हटले की माणूस तो हलका समजतो. १५ ते २० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण ६०० ते ८५० किलो भरतो. २८ अश्वशक्तीच्या आसपासचा असेल तर तो टनाला पोचतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर ते वेगळे. ब्लोअर वेगळा. टाकीत पाणी शिल्लक असेल तर लिटरला एक किलो, म्हणजे ५०० लिटरच्या टाकीत अर्धी टाकी राहिली तरी अडीच क्विंटल. एक चांगली खिलारी जोडी एकाच वेळी अंगावर बसली तर काय होईल, याची कल्पना करा. फरक एवढाच, की बैल उठून जातो. ट्रॅक्टर उठत नाही.

म्हणून पहिली गोष्ट कागदाची. आपल्या पिकअपला किती वजन न्यायची परवानगी आहे ते गाडीच्या नोंदणीच्या कागदपत्रांवरून कळते. एक टनाची गाडी वेगळी आणि दीड-पावणेदोन टनांची वेगळी. ट्रॅक्टर, ब्लोअर, औषधांचे डबे, लोखंडी फळ्या आणि माणसे या सर्वांची बेरीज त्या आत बसली पाहिजे. "गाडी ओढते हो, काही होत नाही," असे चालक सांगतात. गाडी ओढते हे खरे. प्रश्न तिच्या ब्रेकचा आणि टायरचा आहे. टाकी मात्र नेहमी रिकामी करूनच न्यावी. अर्धी भरलेली टाकी वळणावर आतल्या आत हेलकावे खाते आणि गाडीला एका अंगावर झुकवते. शिवाय कालवलेले औषध रस्त्यात सांडले, की ते बांधणाऱ्याच्या हातांवर आणि कपड्यांवर येते. त्याचे परिणाम हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता चढवण्याकडे वळू. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पाहिलेल्या जखमांपैकी जड जखमा इथल्याच आहेत.

आपल्याकडची नेहमीची रीत अशी. पिकअप मागे घ्यायची, फाळका पाडायचा, दोन फळ्या किंवा लोखंडी चॅनेल टेकवायची आणि ट्रॅक्टर समोरच्या तोंडाने, जोर लावून, एका दमात वर घ्यायचा. यात नेमके काय घडते ते समजून घ्या. ट्रॅक्टरचे इंजिन मागची चाके फिरवते. चाके सहज फिरली तर ट्रॅक्टर पुढे जातो. पण चढावर चाक फळीच्या कडेला अडले, खड्ड्यात बसले, किंवा क्लच एकदम सोडला, तर चाक फिरण्याऐवजी इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरच्या अंगाला मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. पुढची चाके उचलली जातात. चढावर ट्रॅक्टरचे वजन आधीच मागे गेलेले असते, त्यामुळे हे फारच लवकर होते. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा अवस्थेला पोचतो, की त्यानंतर काही केले तरी तो उलटणारच. दीड सेकंदात तो चालकाला खाली घेऊन जमिनीवर आपटतो. माणसाला धोका दिसून त्याचा पाय क्लचवर जाईपर्यंत जवळपास तेवढाच वेळ लागतो. "मी सराईत आहे, उचलला तर दाबीन की क्लच," असे म्हणणाऱ्याने हा हिशेब लक्षात घ्यावा.

दोन वर्षांपूर्वी सव्वीस वर्षांचा एक तरुण माझ्याकडे आला. आला म्हणजे आणला. ट्रॅक्टर मागे उलटला नव्हता. एक फळी सरकली आणि तो कुशीवर पडला. मडगार्ड कमरेवर आले. कटीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवेपर्यंत चार सलाईन गेल्या होत्या. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. त्याचे वडील दाराशी उभे राहून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "डॉक्टरसाहेब, केवढासा तो ट्रॅक्टर हो. आमचा मोठा असता तर गोष्ट वेगळी." मी म्हटले, "तात्या, मोठा ट्रॅक्टर तुम्ही फळ्यांवर चढवलाच नसता." ते गप्प बसले. मुलगा वाचला. साडेतीन महिन्यांनी काठी टेकत चालू लागला. त्या हंगामातली बाग मात्र त्यांना दुसऱ्याला वाट्याने द्यावी लागली.

तर मग करावे काय? फळ्या टाळता आल्या तर टाळाव्यात. जमिनीत घट्ट असलेला, हौद्याच्या उंचीचा बांध किंवा धक्का सर्वांत चांगला. ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानांत तो असतो, पुष्कळ बाजार समित्यांत असतो. गावात चार-पाच बागाईतदारांनी मिळून दगडमातीचा एक धक्का बांधला, त्याच्या तोंडाशी काँक्रीट केले, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. एका मांडीच्या शस्त्रक्रियेचे बिल आणि या धक्क्याचा खर्च कुणीही ताडून पाहावा. धक्का नसेल तर निदान जागा निवडावी. पिकअपची मागची चाके थोड्या खोलगट जागी उतरवली, की हौदा खाली येतो आणि चढ कमी होतो.

फळ्याच वापरायच्या असतील तर त्या लांब हव्यात. हौद्याच्या उंचीच्या निदान चौपट लांबी धरावी. हौदा अडीच फूट असेल तर फळी दहा फूट. पाच-सहा फुटांच्या फळीवर ट्रॅक्टर चढतो, पण तो चढ जिन्यासारखा होतो. फळीच्या वरच्या टोकाला आकडा असावा आणि तो हौद्याला साखळीने बांधलेला असावा. नुसती टेकवलेली फळी चाकाच्या धक्क्याने मागे उडते. लाकडी फळीला मधोमध भेग नाही ना, हे पाहावे. पावसाने किंवा चिखलाने ओली झालेली लोखंडी फळी साबणासारखी होते. त्यामुळे ट्रॅक्टरच्या टायरमधला चिखल आधी काढावा. या फळ्या जड असतात. एकट्याने कमरेत वाकून, अंगाला हिसका देऊन उचलू नयेत. दोघांनी दोन टोके धरावीत, गुडघे वाकवून उचलावीत. छाटणीच्या दिवसांत कमरेत उसण भरलेल्यांत या फळ्यांचे रुग्ण बरेच असतात.

पिकअप हलता कामा नये. हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चारही चाकांना लाकडी पाचर लावावी. दगड चालतो, पण दगड निसटतो. ट्रॅक्टरचे वजन फाळक्याच्या कडेवर आले, की गाडीचा मागचा भाग खाली बसतो, पुढचा उचलतो आणि फळ्यांचा कोन बदलतो. त्या क्षणी फळ्या सरकतात. म्हणून मागच्या बाजूला, गाडीच्या चॅसीखाली, लाकडाचे भक्कम ठोकळे द्यावेत. चढवून झाल्यावर ते आठवणीने काढावेत.

आणि ट्रॅक्टर उलटा चढवावा. म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये, मागची चाके वर, तोंड खाली. हे ऐकून लोक हसतात. पण मघाचा हिशेब आठवा. तोंड खाली असताना चाक अडले तर इंजिनाचा जोर पुढची चाके उचलत नाही, तो त्यांना जमिनीवर दाबतो. ट्रॅक्टर मागे उलटण्याची भीती जवळजवळ उरत नाही. दुसराही फायदा आहे. लहान ट्रॅक्टरचे वजन मागे जास्त असते. उलटा चढवला की ते वजन कॅबिनकडे येते, पिकअपच्या मागच्या आसाच्या पलीकडे लोंबत नाही. उतरवताना मग तोंड खालीच असते. सगळ्यांत हळू गिअर घालावा, पाय क्लचवरून पूर्ण काढावा आणि इंजिनाच्या धीमेपणावर सरळ उतरावे. उतारावर क्लच दाबला की ट्रॅक्टर मोकळा सुटतो. मध्येच इंजिन बंद पडले तर न्यूट्रल करू नये, दोन्ही ब्रेक दाबून धरावेत आणि पाचर लावून घ्यावी.

या ब्रेकबद्दल एक सांगायचेच आहे. शेतात वळताना सोयीचे पडावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक असतात. त्यांची दोन पायडले जोडणारी एक लहानशी खिट्टी असते. बागेत काम करताना ती काढलेली असते आणि तशीच राहते. फळ्यांवर असताना एकच पायडल दाबले गेले, की ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि चाक फळीवरून उतरते. आपल्या त्या तरुणाच्या बाबतीत फळी सरकण्याआधी हेच झाले असावे, असे त्याच्या बोलण्यावरून मला वाटले. चढवण्यापूर्वी खिट्टी लावलेली आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. पाच सेकंदांचे काम आहे.

काही लहान ट्रॅक्टरांना चालकाच्या मागे लोखंडी कमान असते. मांडवाखाली अडते म्हणून ती दुमडून ठेवतात. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला जागा राहावी, यासाठीच ती असते. चढवताना ती उभी करावी आणि पट्टा बांधावा. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर मात्र पट्टा बांधू नये.

चढवताना मदतनीस कुठे उभे राहतात, हे एकदा बघाच. एक जण फळीवर पाय देऊन उभा असतो, म्हणजे ती सरकू नये. दुसरा ट्रॅक्टरच्या खालच्या बाजूला, चाकामागे दगड घेऊन. तिसरा हौद्यात, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत. या तीनही जागा चुकीच्या आहेत. ट्रॅक्टर पडला तर तो यांतल्याच कुणाच्या तरी अंगावर पडणार. खुणा करणारा एकच असावा आणि त्याने पिकअपच्या कॅबिनच्या बाजूला, जमिनीवर, आठ-दहा फूट अंतर ठेवून, चालकाला दिसेल असे उभे राहावे. तो दिसेनासा झाला तर चालकाने थांबावे. बाकीच्यांनी आणि विशेषतः मुलांनी दूर बसावे. धोतराचा सोगा, उपरणे, स्वेटरची लोंबती बाही यांचीही काळजी घ्यावी.

ट्रॅक्टर वर आला, की इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवावा, हातब्रेक लावावा, ब्लोअर किंवा रोटाव्हेटर खाली टेकवावा. लिफ्टवर अधांतरी ठेवू नये. मग बांधणे. बैलाच्या सोलाने किंवा नायलॉनच्या दोराने ट्रॅक्टर बांधलेला मी पाहिला आहे. दोर ताणला जातो, ओला झाला की सैल होतो, लोखंडाच्या कडेवर कातरला जातो. चार वेगळे, रुंद, रॅचेटचे पट्टे किंवा साखळ्या घ्याव्यात. दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे ओढणाऱ्या, चार कोपऱ्यांना. पट्ट्याच्या चिठ्ठीवर तो किती भार पेलतो ते लिहिलेले असते. चौघांची बेरीज ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा कमी नसावी. आकडा पुढच्या आसाला आणि मागे हिचला अडकवावा. स्टेअरिंगच्या दांड्याला, मडगार्डला, ब्लोअरच्या नळीला अडकवू नये. टायर थोडेसे दबेपर्यंत ताण द्यावा. एवढे कशासाठी? कारण चालकाने जोरात ब्रेक मारला, की गाडी थांबते आणि ट्रॅक्टरला तसाच पुढे जायचे असते. आठशे किलोचा ट्रॅक्टर त्या वेळी पाच-सहाशे किलोच्या जोराने कॅबिनवर येतो. कॅबिनचा पत्रा त्यासाठी केलेला नसतो.

बोटांच्या जखमा या बांधण्याच्या वेळच्याच. साखळी ताणत असताना कडीत बोट घालू नये. अंगठी काढून खिशात ठेवावी. अंगठी साखळीत अडकली, तर बोटाची कातडी मोज्यासारखी उलगडून निघते. ते बोट पुष्कळदा वाचत नाही. लग्नातली अंगठी काढायची नाही असा काही घरांत दंडक असतो. त्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती, की निदान यासाठी सूट द्यावी.

वाटेत चारेक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण पहिल्या काही धक्क्यांत ते सैल होतात. वेग ताशी चाळीसच्या आत ठेवावा. वजन उंचावर असल्याने गाडी वळणावर एरवीपेक्षा लवकर कलते. गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांखालून जाताना वर उभी केलेली कमान लक्षात ठेवावी. फाळका उघडा राहणार असेल तर मागे लाल कापड आणि रात्री लाल दिवा हवाच.

हौद्यातल्या ट्रॅक्टरच्या सीटवर कुणालाही बसवू नये. मुलांना हौस असते, घरच्यांना कौतुक वाटते. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा असाच गतिरोधकावर उडून पडला. उठून उभा राहिला, रडला, पाणी प्याला. घरचे म्हणाले, देवाची कृपा. तीन तासांनी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि झापड येऊ लागली. डोक्याला मार लागल्यावर सुरुवातीला माणूस चांगला दिसतो आणि कवटीच्या आत रक्त साठत राहते, असे होऊ शकते. त्यामुळे डोके आपटलेल्या माणसाला लगेच डॉक्टरला दाखवावे आणि चोवीस तास एकटे सोडू नये. उलट्या, वाढती डोकेदुखी, विसंगत बोलणे, एका बाहुलीचा आकार मोठा दिसणे, एका अंगाची शक्ती कमी होणे, कानातून किंवा नाकातून पाणी येणे, यांतले काहीही दिसले तर जिथे डोक्याचा स्कॅन होतो त्या रुग्णालयात लगेच न्यावे. त्या मुलाला वेळेत नेले गेले.

बंद पडलेला ट्रॅक्टर पिकअपला टोचन लावून ओढत नेण्याचीही पद्धत आहे. माझे मत विचाराल तर हमरस्त्यावर तसे करू नये. शेतातून कडेला काढण्यापुरते ठीक. साखळी किंवा दोर तुटला तर तो आसुडासारखा मागे येतो आणि डोळा फोडतो. ताण असताना त्याच्या रेषेत कुणी उभे राहू नये आणि कुणी त्याला ओलांडू नये.

आता दुर्दैवाने अपघात झालाच, तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे? इथे वाचकांनी कृपया हळू वाचावे.

आधी ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे. त्याच वेळी एकाने १०८ ला फोन लावावा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. "शेतात अपघात झाला" एवढे सांगून भागत नाही. गाव, शिवार, जवळचा ओढा किंवा मंदिर सांगावे आणि "माणूस ट्रॅक्टरखाली अडकला आहे" हे शब्द वापरावेत. एक माणूस रस्त्यावर उभा करावा.

छाती, पोट किंवा मान दबलेली असेल तर वाट पाहू नये. श्वास थांबला तर काही मिनिटांत सगळे संपते. पण चार जणांनी "हईशा" करून ट्रॅक्टर उचलणे आणि हात निसटून तो पुन्हा त्याच माणसावर पडणे, हेही घडते. जॅक लावावा, थोडे उचलले की लगेच ठोकळा सारावा, पुन्हा थोडे उचलावे. ज्या ठोकळ्यांचा आणि पाचरीचा मघापासून उल्लेख करतो आहे, ते गाडीत असावेत याचे हेही कारण आहे.

फक्त पाय अडकला असेल आणि तासाहून जास्त वेळ गेला असेल, तर एक वेगळाच धोका असतो. बराच वेळ दबलेल्या स्नायूंत विषारी द्रव्ये साठतात. पाय मोकळा होताच ती रक्तात उतरतात, हृदयाचे ठोके बिघडवतात आणि पुढे मूत्रपिंडे निकामी करतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे आधी बरी दिसत आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन दगावत. बायवॉटर्स या डॉक्टरने १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले. अशा वेळी रुग्णवाहिका किंवा डॉक्टर जवळ पोचत असेल तर सलाईन सुरू करून मग पाय सोडवणे चांगले. मदत येण्याची चिन्हे नसतील तर मात्र सोडवावेच. कोणत्या वेळी अडकला आणि कोणत्या वेळी सुटला, हे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे. पहिली लघवी चहाच्या काढ्यासारखी दिसली तर तेही सांगावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबावे आणि दाब सोडू नये. दर मिनिटाला उचलून पाहू नये. हळद, कॉफी, तंबाखू, डिझेल यांतले काही लावू नये. मला जखम शिवण्याआधी ते धुऊन काढण्यातच वेळ जातो. हाता-पायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर चार बोटे अंतरावर, सांधा सोडून, दोन इंच रुंद कापडाची पट्टी बांधून काडीने पीळ द्यावा आणि वेळ लिहावी. तार किंवा सुतळी बांधू नये. ती मांस कापते, रक्त थांबवत नाही.

पण माझ्या अनुभवात माणसे जास्त करून आतल्या रक्तस्रावाने हातची जातात. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साठते. कटीचे हाड मोडले तर त्याहून जास्त. बाहेर काही दिसत नाही. माणूस पांढरा पडतो, घाम सुटतो, पाणी पाणी करतो, नाडी जलद होते. अशा माणसाला "उठ, दोन पावले टाकून बघ" असे म्हणू नये. त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नये. हे मी दर हंगामात पाहतो. कटीला मार असेल तर एक चादर चार पदरी करून कमरेखालून सरकवावी आणि मांडीच्या हाडाचा जो उंचवटा बाहेरून हाताला लागतो, त्या पातळीवर घट्ट आवळून गाठ मारावी. पोटावर बांधू नये. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा कपडा ठेवून पाय एकमेकांना बांधावेत. एवढ्याने आतला रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने खायला-प्यायला देऊ नये, ओठ ओले करावेत.

मानेला किंवा पाठीला मार असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून, ओंडका लोळवावा तसे एकदम कुशीवर करावे आणि खाली फळी सरकवावी. लाकडी फळी तिथेच पडलेली असते. हात-पाय धरून झोळीसारखे उचलू नये.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते शोधावे, स्वच्छ पाण्याने हलके धुवावे, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट बर्फावर थेट ठेवू नये, ते गोठून खराब होते. असे थंड ठेवलेले बोट बऱ्याच तासांनीही जोडता येते, मात्र जोडणारे डॉक्टर मोठ्या शहरातच असतात. त्यामुळे आधी फोन करून कुठे जायचे ते ठरवावे आणि सरळ तिकडेच निघावे.

"पोलिसांचे लफडे मागे लागेल" म्हणून अनोळखी जखमीला उचलायला लोक बिचकतात. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तसे कलम घातले गेले. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. जखमीला रुग्णालयात पोचवून आपण जाऊ शकता.

शेवटी एक इंजेक्शनाबद्दल. शेणामातीतल्या जखमेतून धनुर्वात होतो. जखम लहान दिसली, टाका लागला नाही, तरी धनुर्वाताचे इंजेक्शन आधी केव्हा घेतले होते ते आठवावे. पाच वर्षांहून जास्त झाली असतील किंवा आठवत नसेल तर त्याच दिवशी घ्यावे. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले नसतील आणि जखम खोल, मळलेली असेल, तर त्यासोबत दुसरेही एक इंजेक्शन लागते. ते लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. पिकअपच्या चालकांनी आणि रोजाने येणाऱ्या मदतनीसांनीही घ्यावे. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते. ऑक्टोबर छाटणीला अजून वेळ आहे, तेवढ्यात हे काम उरकता येईल.